लाखेचा रंग

टोबायस हॅलेटचा डावा पाय थेट बॅनबरीपर्यंत प्रसिद्ध होता. पाय स्वतः लेडबरीच्या पलीकडं, सफरचंदाच्या बागेतल्या घरात, उशीवर ठेवलेला असायचा. पण त्याच्या अंगठ्याला सूज कधी चढली, कधी उतरली, झोपेत चादरीचा भारसुद्धा कसा सोसवला नाही, हे सगळं दोन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या हम्फ्री बार्लोला इत्थंभूत ठाऊक असायचं. तसंच बार्लोच्या पोटाचं हॅलेटला. दोघांनी एका शाळेत एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या. पुढं एकानं इकडची बापाची जमीन सांभाळली, दुसऱ्यानं तिकडची. पायामुळं हॅलेटला प्रवास नको वाटायचा आणि पोटामुळं बार्लोला. त्यामुळं नऊ वर्षांत तोंडं बघितली नव्हती. पण पंधरवड्याचं पत्र काही चुकलं नव्हतं.

हॅलेट तसा साधा माणूस. रविवारी चर्चमध्ये आपल्या ठरलेल्या बाकावर बसायचा, पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की पाय ताणून हळूच कण्हायचा, म्हणजे पाद्रीबुवा आवरतं घ्यायचे. कुणाचं वाईट केलं नाही, कुणाचं फार भलंही केलं नाही. घरची सफरचंदाची दारू बरी निघाली की वर्षभर खूश. मनातलं बोलणं म्हणाल तर ते त्याला कधी जमलं नाही. डॉर्कसला लग्नाचं विचारायला गेला तेव्हासुद्धा आधी पावसाबद्दल बोलला, मग घोड्याच्या खुराबद्दल, आणि ती उठून जायला लागली तेव्हा घाईघाईत दारात विचारलं म्हणतात. बाई समजूतदार, तिनं दारातच हो म्हटलं.

पत्राचीही तीच रीत. आधी पाय. मग पोट. मग कुठलं औषध घेतलं नि त्यानं काय काय झालं, तेही सगळं न लाजता, कारण पुरुषमाणसं तोंडानं जे सांगायची नाहीत ते कागदाला खुशाल सांगतात. मग पाऊस. मग पीक. आणि कागद संपायला आला की मुलंबाळं. कागद एकच. टपालाचा खर्च पत्र घेणाऱ्याच्या डोक्यावर, आणि दुसरा कागद जोडला तर तो दुप्पट. मित्राला भुर्दंड पडू नये म्हणून सभ्य माणूस एकाच कागदात मावेल तेवढं लिहायचा. लिहून झालं की तोच कागद दुमडून पाकीट करायचं, वर लाखेचा थेंब पाडून अंगठीचा शिक्का मारायचा. लाख लाल. घरात कुणी गेलं असेल तर काळी. म्हणजे पत्र हातात घेणाऱ्याला उघडण्याआधीच कळतं, आणि तो आधी खुर्ची बघून बसून घेतो.

डॉर्कस म्हणायची, "अहो, तुमच्या पत्रात आम्ही सगळे पायाच्याही नंतर."

"शेवटी लिहिलेलं लक्षात राहतं," हॅलेट म्हणायचा.

"हो, जागा उरली तर."

त्या वर्षी वसंतात बॅनबरीला देवी आल्या. बार्लोचं पत्र आलं ते सकाळच्या न्याहारीला. आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, ही त्या घराची पद्धत. मुलांना निम्मं कळायचं नाही, पण बार्लोकाकांच्या पोटाची गोष्ट आली की ती खिदळायची. त्या दिवशी पोट लवकर आवरलं. बार्लोनं लिहिलं होतं : 'गावात देवीची साथ आहे. लोक म्हणतात, अंगात आपण होऊन यायच्या आधी टोचून घ्याव्यात, म्हणजे हलक्या निघतात. मार्था घाबरते. आम्हाला लग्नानंतर बारा वर्षांनी एक टॉम झाला, तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तू मुलांना टोचून घेणार आहेस असं लिहिलंस. ती त्यातून गेली की मला खरं काय ते लिही. गावातला कुठला डॉक्टर काय म्हणतो त्याला मी विचारत नाही. तुझ्या शब्दावर टॉमला टोचेन, तुझं पत्र आल्याशिवाय हात लावू देणार नाही.'

हॅलेटची तीन मुलं टेबलाशी होती. मोठी हेस्टर, मधला जाइल्स, आणि धाकटी फिबी, सहा वर्षांची, तोंडात पाव कोंबलेला.

"म्हणजे आधी आम्ही, मग टॉम?" फिबीनं विचारलं.

"तोंड रिकामं करून बोल," डॉर्कस म्हणाली.

फिबीनं गिळलं. "मग बाबा, त्यांना लिहा की दुखतं का ते मी टॉमला सांगेन. म्हणजे तो घाबरणार नाही."

हॅलेटनं तसं लिहिलंसुद्धा, आणि खरं काय ते कळवीन असंही. पायानंतर, पोटानंतर, पिकानंतर, पण लिहिलं.

डॉक्टर आला. दंडावर बारीक चरा काढायचा, त्यात दुसऱ्या कुणाच्या फोडात भिजवलेला दोरा ठेवायचा, वर पट्टी. तिघांना माडीवरच्या खोलीत ठेवलं. हेस्टरला थोडे फोड आले, जाइल्सला त्याहून कमी, आणि तो बरा होईतो खिडकीतून बाहेर सुकवलेल्या चेरीच्या बिया थुंकत बसला. फिबीच्या अंगावर मोजता येतील असे फोड आलेच नाहीत. सगळं अंग एक झालं. डॉक्टर म्हणाला, असं क्वचित होतं. तो खोटं बोलत नव्हता.

रविवारी चर्चची घंटा वाजत होती तेव्हा ती गेली. घंटा प्रार्थनेची होती, माणूस गेल्यावर वाजवतात ती नव्हती. डॉर्कस पुढं एकदा म्हणाली, दोन्ही कामं एकाच घंटेत झाली.

त्यानंतर घरात सगळं जसंच्या तसं चालू राहिलं. गाईचं दूध निघत होतं. कुणीतरी पाव भाजत होतं, कारण टेबलावर पाव असायचा. हॅलेट जेवायला बसायचा, ताट पुढं यायचं, ताट मागं जायचं. लोक येऊन हात धरून जायचे आणि तो म्हणायचा, "उपकार झाले, वाटेत चिखल आहे, जपून जा." हे तो प्रत्येकाला म्हणायचा. एक दिवस ऊन पडलं होतं तरी म्हणाला.

आणि पाय दुखायचा थांबला. रविवारपासून. हॅलेटनं मोज्यावरून अंगठा दाबून बघितला, मग मोजा काढून दाबला. जणू दुसऱ्या कुणाचा पाय त्याच्या मांडीला जोडला होता. त्यानं मोजा परत चढवला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

बार्लोला शब्द दिला होता, तेव्हा पत्र लिहिणं भाग होतं. हॅलेट टेबलाशी बसला, पिसाची लेखणी शाईत बुडवली आणि हात आपोआप चालू लागला. 'प्रिय बार्लो, माझा डावा अंगठा ह्या आठवड्यात फार छळतो आहे.' दुखत नव्हता तरी लिहिलं. मग पोट साफ करायला रेवाचिनी किती घेतली, त्यानं काय झालं. मग पाऊस. सफरचंदाला मोहर बरा आहे. मग, 'हेस्टरला वीसेक फोड आले, जाइल्सला त्याहून कमी. दोघं आता खाली उतरलीत, भरपूर खातात.' इथं कागद संपला. कडेची दुमड तेवढी उरली होती. तिथं त्यानं लिहिलं, 'फिबी रविवारी गेली.'

घडी घातली. मेणबत्तीशेजारी लाखेची कांडी पडलेली होती, ती वितळवली, शिक्का मारला.

आता, पत्रं लिहिणारा कुणीही सांगेल, लाख बसते तिथं अक्षर लिहायचं नसतं. लाख कागदाला चिकटते. उघडताना तेवढा तुकडा फाटून लाखेबरोबर जातो. म्हणून ती जागा कोरी सोडतात. हॅलेटनं सारा जन्म ती कोरी सोडली होती. त्या दिवशी ते त्याच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं.

पत्र गेल्यावर डॉर्कसनं विचारलं, "बार्लोंना लिहिलंत?"

"लिहिलं."

"तिचं?"

"लिहिलं."

ती शिवण खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. "काळी लाख तुम्हाला सापडली कुठं? ती तर माझ्या खणात आहे."

हॅलेटनं आपल्या बोटाकडं बघितलं. नखाशी लाल थेंब वाळला होता.

"लाल लावलीत?"

"आत लिहिलंय मी."

"मार्था लाल बघून हसत उघडेल हो," डॉर्कस म्हणाली. ती रागावली नव्हती. रागवायला जी ताकद लागते ती त्या घरात तेव्हा कुणाकडंच नव्हती. तिनं शिवण परत उचलली.

बार्लोचं उत्तर आलं. लाल लाख. न्याहारीची वेळ, फिबीची खुर्ची अजून टेबलाशीच, कारण ती उचलून कुठं ठेवायची हे कुणी ठरवलं नव्हतं. पत्र आलं की वाचायचं, म्हणून हॅलेट वाचू लागला.

'प्रिय हॅलेट, माझ्या पोटानं मंगळवारी बंड केलं होतं, ते मोडून काढलं. तुझ्या पायाचं वाचून हळहळलो, पण मुलांचं वाचून मार्था खुर्चीवरून उठली नि माझ्या टकलाचा मुका घेतला, असं गेल्या कित्येक वर्षांत घडलं नाही. फिबीबद्दल तू कडेला काहीतरी खरडलं होतंस. ते लाखेनं गिळलं. तुकडा फाटून आला, नुसतं नाव उरलं. लेका, लाखेखाली लिहू नये हे तुला अजून कळत नाही? तिनं टॉमला दुखण्याबद्दलचा निरोप दिला असणार. तो रोज विचारतो. पुढच्या पत्रात लिही. टॉमचं मांस बंद करून त्याला दूध-लापशीवर ठेवलंय, टोचण्याआधी डॉक्टर तशी तयारी करून घेतात. पुढच्या गुरुवारी टोचतील. तुझा शब्द मिळाला, आता काळजी नाही. इकडं बार्लीला पाऊस हवा आहे. मार्थानं डॉर्कसला प्रेम कळवलं आहे.'

त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं, बार्लीचा पाऊससुद्धा, एकाच आवाजात. वाचायला घेतलेलं मधे सोडायची सवय नव्हती.

जाइल्सच्या तोंडातला घास तोंडातच होता. हेस्टरनं त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं.

"लिहा," डॉर्कस म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. गुरुवारच्या आत पोचेल."

हॅलेट आत गेला. बऱ्याच वेळानं डॉर्कस बघायला आली तेव्हा टेबलाखाली चुरगाळलेले कागद पडले होते. तिनं एक उचलून उलगडला. 'प्रिय बार्लो, माझा डावा पाय'. दुसरा उलगडला. 'प्रिय बार्लो, डावा अंगठा'. तिसऱ्यात नुसतं 'प्रिय बार्लो, माझा'.

"हे काय?"

"हात तिकडंच जातो."

"दुखतोय का इतका?"

"नाही."

"म्हणजे?"

"अजिबात दुखत नाही. त्या रविवारपासून."

डॉर्कसनं कागद हातानं सपाट करून टेबलावर ठेवले, जणू ते परत लागणार होते. मग म्हणाली, "मग दुखत नाही तर उठा. आमोसला गाडी जोडायला सांगते."

"जाऊन काय सांगू? टोचू नकोस म्हणू? आपली दोघं जगलीत."

"मला काय विचारता?"

"आणि टोच म्हणू?"

"काहीच म्हणू नका. झालं ते सांगा. खरं काय ते कळवीन असं लिहिलं होतंत ना त्यांना? तेवढं करा. पुढचं त्यांच्या पोराचं ते बघतील." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "टोपीला काळी पट्टी शिवून ठेवलीय. तेवढी घालून जा."

आमोस गाडीवान म्हातारा होता, हॅलेटच्या वडिलांच्या वेळचा. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लेडबरी मागं पडली तसा मान वळवून म्हणाला, "साहेब, पाय समोरच्या बाकावर टाकून बसा की, नेहमीसारखे."

"नको."

"दुखत नाही?"

"नाही."

"माझी एक घोडी होती, साहेब. जन्मभर लंगडायची. एक दिवस लंगडायचीच थांबली. मी म्हटलं, चला, सुटली बिचारी."

"मग?"

"मग काय, मेली."

आमोसच्या लक्षात आलं तशी त्यानं मान पुढं वळवली. इव्हशॅम येईपर्यंत तो फक्त घोड्यांशी बोलला.

बार्लोच्या फाटकाशी गाडी थांबली तो बुधवार होता. बार्लो पायऱ्यांवर उभा. नऊ वर्षांत पोट तेवढं शिल्लक राहिलं होतं, बाकीचा माणूस आटला होता. गाडी ओळखून तो हात पसरून खाली आला, आणि हॅलेट कुणाचा हात न धरता गाडीतून उतरला तसा ओरडला.

"अरे लबाडा! हाच का तो पाय? एवढी वर्षं ह्या पायासाठी मी देवाकडं करुणा भाकली! हा पाय तर नाचायला न्यावा असा आहे! मार्था, बाहेर ये, बघ ह्या चोराला, आपल्याला फसवलं ह्यानं..."

मग त्याची नजर टोपीवर गेली. काळी पट्टी.

बार्लोचे हात तसेच पसरलेले राहिले.

"कोण?" त्यानं विचारलं.

"मी लिहिलं होतं," हॅलेट म्हणाला.

"कोण, टोबी?" शाळा सुटल्यापासून त्यानं त्याला टोबी म्हटलं नव्हतं.

"कडेला लिहिलं होतं. लाखेखाली गेलं."

बार्लोच्या ओठांवर ते नाव आलं, पण त्यानं ते उच्चारलं नाही. मागं मार्था दारात आली होती. तिनं टोपी बघितली आणि पदर नसलेल्या बायका करतात तसं दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळले.

मार्थानं त्यांना आत बसवलं. एवढ्यात टॉम आला. आठ वर्षांचा, दूध-लापशी खाऊन खाऊन चिडलेला, हातात तीच वाटी.

"मिस्टर हॅलेट, तुमच्या गाडीत मटणाचा तुकडा आहे का?"

"टॉम!" मार्था म्हणाली.

"बरं, राहू द्या. पण फिबी सांगणार होती ना, दुखतं का ते. काय म्हणाली?"

हॅलेटनं त्याच्याकडं बघितलं. पोराच्या वरच्या ओठावर दुधाचा ओघळ होता. "टोचताना दुखत नाही," तो म्हणाला. "नंतर दुखतं."

"फार?"

"हो."

टॉमनं विचार केला. "बरं केलं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणतो काहीच होत नाही. मोठी माणसं असंच म्हणतात." आणि वाटी घेऊन बाहेर गेला. मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून जायची वेळ झालीय एवढं त्याला कळलं.

मार्थानं विचारलं, "आम्ही काय करू, मिस्टर हॅलेट?"

"माझी तीन होती. तिघांना टोचलं. दोघं जेवायला बसतात. एवढंच मला माहीत आहे."

"पाववाल्याची चारही गेली, गेल्या महिन्यात," बार्लो स्वतःशीच म्हणाला. "त्यांना कुणी टोचलं नव्हतं." मग वर बघून, "तू माझ्या जागी असतास तर?"

"मी होतोच तुझ्या जागी," हॅलेट म्हणाला. "महिन्यापूर्वी."

घड्याळ वाजलं. मार्था उठून आत गेली, आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, मग तोही थांबला.

"रेवाचिनी घेतोस का अजून?" बार्लोनं विचारलं.

"घेतो."

"किती?"

"अर्धा चमचा."

"अर्ध्यानं माझं काही हलत नाही."

"मग पाऊण घे."

"पाऊण घेतली तर घर सोडून जावं लागतं."

"जेवणाआधी घेतोस की नंतर?"

"नंतर."

"तिथंच चुकतोस. आधी घ्यायची."

दिवेलागणीपर्यंत ते दोघं असे रेवाचिनीबद्दल बोलत राहिले. मार्था दोनदा दाराशी येऊन ऐकून गेली. तिला आधी राग आला होता. दुसऱ्यांदा आली तेव्हा गेला होता, कारण बोलता बोलता बार्लोनं हॅलेटची बाही घट्ट पकडून ठेवली होती आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

सकाळी हॅलेट निघाला. बार्लोनं काय ठरवलं ते त्यानं सांगितलं नाही आणि हॅलेटनं विचारलं नाही. गल्लीच्या वळणावर डॉक्टरची दोन चाकांची घोडागाडी समोरून आली, आमोसनं घोडे बाजूला घेतले, ती घराकडं वळली. हॅलेटनं मागं बघितलं नाही.

"टोचलं का?" घरी डॉर्कसनं विचारलं.

"माहीत नाही. डॉक्टर वाटेत दिसला."

"आणि काय बोललात दोघं?"

"रेवाचिनी."

डॉर्कसनं त्याची टोपी घेऊन खुंटीला लावली.

मग वाट बघणं आलं. मोहर गळून गेला. झाडांना बोराएवढी सफरचंदं धरली. हॅलेट खिडकीशी बसायचा तिथून फाटक दिसायचं. टॉम मेला तर तो आपल्या शब्दानं मेला, टॉम जगला तर तो नशिबानं जगला. एवढा एकच हिशोब त्याच्या डोक्यात उरला होता आणि तोही त्याला दुरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसायचा. जाइल्स एकदा येऊन बाजूला बसला. म्हणाला, "बाबा, टॉमचा तुमच्यावर राग असेल का?" हॅलेट म्हणाला, "कशाला?" जाइल्स म्हणाला, "काही नाही." पाय तसाच मेल्यासारखा. डॉर्कस सवयीनं उशी आणून ठेवायची, तो सवयीनं त्यावर पाय ठेवायचा.

एक दिवस आमोस फाटकातून आला. पत्र त्यानं दोन बोटांत, अंगापासून लांब धरलं होतं. काही न बोलता टेबलावर ठेवलं आणि मागं सरला.

काळी लाख.

हॅलेटनं ते उचलून शेकोटीवरच्या फळीवर, पितळी मेणबत्तीदानाला टेकवून ठेवलं. मग काठी न घेता बागेत गेला आणि कडेच्या जुन्या झाडाखाली बाकावर बसला. बागेत मधमाश्या होत्या. कुणीतरी गवत कापत होतं. टॉमचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर फक्त ओठावरचं दूध आठवलं. फिबीचा चेहरा आठवायचा प्रयत्न त्यानं केला नाही.

बऱ्याच वेळानं डॉर्कस आली. हातात पत्र.

"उघडलं का नाहीत?"

"आत काय आहे ते मला माहीत आहे."

"मला नाही."

तिनं कमरेच्या दोरीला लटकलेली कात्री घेतली आणि काजं कापावीत तशी लाखेच्या भोवतीनं जपून, गोल कापत गेली. एक अक्षर फाटलं नाही. कागद उलगडून त्याच्यापुढं धरला.

"वाचा."

"तू वाच."

"बार्लोंचं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं. मला लागत नाही. वाचा."

हॅलेटनं वाचायला घेतलं, वरून. 'प्रिय हॅलेट, रेवाचिनी जेवणाआधी घेऊन बघितली. तुझं बरोबर होतं. अर्ध्या चमच्यात काम झालं आणि घरही सोडावं लागलं नाही. पोट गेल्या दहा वर्षांत इतकं शहाणं कधी वागलं नव्हतं.'

"अहो, खाली बघा!"

"क्रमानं वाचतो."

"खाली बघा म्हणते ना!"

त्याला खाली बघवत नव्हतं. तो वाचत गेला. 'बार्लीला पाऊस मिळाला, उशिरा मिळाला पण मिळाला. पूर्वेकडची भिंत पडली, ती बांधून घेतली.' डॉर्कसनं त्याचा खांदा धरला होता आणि तिची नखं आत रुतत होती.

'टॉमला तेरा फोड आले. त्यानं स्वतः मोजले आणि एकेकाला नाव दिलं. तुला कळवायला सांगितलंय की तू म्हणालास तेच खरं, टोचताना दुखलं नाही, नंतर दुखलं. आज मटण खाल्लं, आता आणखी मागतो आहे. काळी लाख मार्थानं लावायला लावली, फिबीसाठी. मी म्हटलं, आपण त्यांचे नात्याचे नाही, रीतीत बसत नाही. ती म्हणाली, रीत घाला चुलीत, ती आमच्या टॉमच्या आधी गेली.'

हॅलेट थांबला.

"गाढव," डॉर्कस म्हणाली. "गाढव माणूस! पोरगं मटण खातंय आणि हा काळी लाख लावून पाठवतो! दोघांनाही लाखेचा रंग कळत नाही. जन्मभर पत्रं लिहिली, पण नाहीच कळत." ती गवतात बसली. हसत होती की काय ते आधी कळलं नाही, मग कळलं की हसत नाही. फिबीला पुरून चर्चमधून आल्यापासून ती रडली नव्हती. आता तिला थांबता येईना.

हॅलेट तिच्याकडं जायला उठला आणि डावा पाय जमिनीला टेकला तसा ओरडला.

"काय झालं?" डॉर्कसनं ओल्या तोंडानं वर बघितलं.

"पाय."

तो परत बाकावर बसला. डॉर्कस गवतातून गुडघ्यांवरच पुढं सरकली, त्याचा पाय मांडीवर घेतला, बुटाची पट्टी सोडली, मोजा हळूच खाली ओढला. अंगठा लालबुंद.

"दुखतोय?"

हॅलेटनं मान डोलावली. डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीवर येत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"बरं झालं," डॉर्कस म्हणाली, आणि पाय तसाच धरून बसून राहिली.